दीर्घ बीप होईपर्यंत थांबा

उल्हासनगर महापालिकेचं मतदान १५ जानेवारी २०२६ला झालं. तो दिवस किंक्रांतीचा. या दिवशी शुभकार्य करू नये, असं घरातली जुनी माणसं सांगतात. राज्य निवडणूक आयोगाने एक तर कुणा जुन्या माणसाला विचारलं नसावं, किंवा निवडणूक हे शुभकार्यच नव्हे यावर दोघांचं एकमत असावं.

वार होता गुरुवार. ब्रिटनमध्ये १९३५पासूनची प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक गुरुवारीच झालेली आहे. तिथे त्या दिवशी सुट्टी नसते. सकाळी सात ते रात्री दहा केंद्र उघडं असतं, माणसं कामावर जाता-येता मत देतात, काही जण कुत्र्याला फिरवता फिरवता देतात, आणि मत नोंदवायला केंद्रात पेन्सिल ठेवलेली असते. आपल्याकडे सुट्टी मिळते, पण पालिकेच्या मतदानाला केंद्र साडेसात ते साडेपाच. पहाटेची लोकल धरून मुंबईला जाणारा आणि रात्री नऊनंतर उतरणारा बदलापूरकर या वेळेत घरी असतो तो फक्त आजारी पडल्यावर. पगारी सुट्टीचा सरकारी आदेश निघतो खरा, पण तो ठाणे ओलांडून प्रत्येक खासगी कचेरीत पोचतोच असं नाही.

उल्हासनगरच्या मतदाराला त्या दिवशी एक नव्हे, चार मतं होती. नगरसेवक ७८, प्रभाग २०, आणि दोन वगळता प्रत्येक प्रभागात चार जागा: अ, ब, क, ड. आता माणूस मनाशी एक नाव पक्कं करून येतो. फार तर दोन. एखादे आजोबा आत जाणार, अ गटाचं बटण दाबून समाधानाने वळणार, आणि मागून हाक येणार, “काका, कुठे चाललात? बीप नाही झाला अजून!” चारही मतं पडल्याशिवाय यंत्र शेवटची लांब शिट्टी देत नाही. आजोबा परत पुठ्ठ्याआड. ब गटात ओळखीचं चिन्ह सापडतं, क गटात नात्यातलं आडनाव दिसतं, ड गटात कुणीच ओळखीचं नाही. रांग खोळंबलेली, अधिकाऱ्याची नजर घड्याळाकडे. शेवटी बोट ‘नोटा’वर. उद्या कुणीतरी विश्लेषक या बटणाला ‘प्रस्थापितांविरुद्धचा संताप’ म्हणणार. आजोबांना फक्त घरी जायचं होतं.

बाहेर आल्यावर बोट पाहावं, तर शाईऐवजी मार्करची रेघ. त्या दिवशी राज्यभर मोबाइलवर चित्रफिती फिरत होत्या: नेलपॉलिश काढायचं द्रव घ्या, बोट पुसा, पुन्हा कोरे व्हा. मार्कर २०११पासून वापरात आहे, असा खुलासा आयोगाने केला. म्हणजे पंधरा वर्षं कुणी पुसून पाहिलंच नव्हतं. दुबार नावांचा बंदोबस्त मात्र आयोगाने चोख केला होता. यादीत ज्याचं नाव दोनदा असल्याचा संशय, त्याच्यापुढे दोन तारे छापले. एवढे तारे हॉटेलांना मिळवायचे तर तपासणी होते.

यादीचं दुखणं दुहेरी आहे. काहींची नावं दोनदा, काहींची एकदाही नाहीत. लंडनचे माजी महापौर आणि ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन २ मे २०२४ला मतदानाला गेले आणि फोटोचं ओळखपत्र घरी विसरल्यामुळे परत पाठवले गेले. ओळखपत्राची सक्ती करणारा २०२२चा कायदा त्यांच्याच सरकारचा. नंतर ओळखपत्र आणून त्यांनी मत दिलं. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या माणसाची तऱ्हा उलटी. त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, पासबुक असं सगळं असतं; नसतं ते यादीत नाव. बाहेर टेबल टाकून बसलेले कार्यकर्ते चार वेळा यादी चाळतात, शेजारच्या इमारतीतल्या निवर्तलेल्या गृहस्थांचं नाव चटकन सापडतं. “दादा, तुमचं दुसऱ्या शाळेत बघा.” दुसऱ्या शाळेतले पहिल्या शाळेत पाठवतात. खिशातला मोबाइल आत नेता येत नाही म्हणून तो एकदा चहावाल्याकडे, एकदा पानवाल्याकडे.

आणि आपलं मत कुठल्या मतदारसंघातलं, हेही नीट कळलेलं बरं. अंबरनाथ आणि बदलापूर ही लोकलची लागोपाठची स्टेशनं. पण लोकसभेला अंबरनाथकर कल्याणचा खासदार निवडतात आणि बदलापूरकर भिवंडीचा. विधानसभेला बदलापूरकर मुरबाडचा आमदार निवडतो. रोज रेल्वेत चेंगरणाऱ्या शहराचा मतदारसंघ ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, तिथे अजून रेल्वे पोचलेली नाही.

पालिकेचं म्हणाल तर या दोन्ही शहरांनी एप्रिल २०१५नंतर थेट डिसेंबर २०२५मध्ये नगरसेवक निवडले. त्यातली शेवटची पाच वर्षं प्रशासकाची. २०१५ला जन्मलेलं मूल पाचवीत गेलं तेव्हा निवडणूक लागली, २ डिसेंबरची. मतदानाला दोन-तीन दिवस उरले असताना अंबरनाथची पुढे ढकलली: २० डिसेंबर. उमेदवारी अर्जांच्या छाननीवरची अपिलं कोर्टात रेंगाळली, हे कारण. मतदाराला आनंद झाला नाही की दुःख. उमेदवारांच्या घरी मात्र शोककळा, कारण कार्यकर्त्यांची बिर्याणी आणखी अठरा दिवस चालवायची होती. बदलापूरने २ तारखेला मत दिलं, काही जागा वगळून. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश आला: सगळीकडची मोजणी २१ला एकत्र. यंत्रं एकोणीस दिवस कुलपात, बाहेर पहारा. ब्रिटनमध्ये ४ जुलै २०२४च्या रात्री दहाला मतदान संपलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नवे पंतप्रधान पंतप्रधान-निवासात दाखल झाले.

२१ डिसेंबरला अंबरनाथचा निकाल लागला. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्ष भाजपच्या तेजश्री करंजुले. नगरसेवकांत मात्र शिंदेंची शिवसेना पुढे: ५९पैकी २७. भाजप १४, काँग्रेस १२, राष्ट्रवादी ४. मतदाराने इथवर आपलं काम चोख केलं होतं. यादीत नाव शोधलं, मोबाइल चहावाल्याकडे ठेवला, बीपपर्यंत थांबला. पुढची निवडणूक त्याच्याशिवाय झाली. जानेवारीत शिवसेनेला बाजूला ठेवायला भाजप आणि काँग्रेस एकत्र आले. ‘काँग्रेसमुक्त भारत’ म्हणणारे आणि त्यावर चिडणारे एकाच गटात. मुख्यमंत्री म्हणाले, ही युती खपवून घेणार नाही. काँग्रेसने बारा जणांना निलंबित केलं. बाराही जण भाजपमध्ये गेले. मग राष्ट्रवादीचे चौघे शिवसेनेच्या बाजूला सरकले आणि उपाध्यक्षपद राष्ट्रवादीकडे आलं. भाजप नको म्हणून हाताच्या पंजाचं बटण दाबणाऱ्याला तीन आठवड्यांत कळलं की आपण दूरच्या रस्त्याने कमळालाच मत दिलं. याला मतदान म्हणायचं की पोस्टाने पत्ता बदलून पोचवलेलं पाकीट?

यावर लोक घरी बसतात, हेही खरं. कल्याण लोकसभेत २०२४च्या मे महिन्यात जेमतेम निम्म्यांनी मत दिलं, आणि तीच आजवरच्या मानाने मोठी प्रगती ठरली; २००९ला तर पुरते पस्तीस टक्केही आले नव्हते. २०२४चा तो मतदानाचा दिवस सोमवार होता, शनिवार-रविवारला जोडून. शिव्या घालायला अर्थात घरी बसलेले निम्मेही हजर असतात, पाणी न आलेल्या दिवशी.

तेव्हा वाचकहो, यादीत आपलं नाव आहे का, हे मतदानाच्या आदल्या रात्री पाहू नका, आत्ताच पाहून ठेवा. आणि निवडून दिलेला नगरसेवक कुठल्या पक्षात आहे, हे मतदानानंतर दर आठवड्याला पाहत जा.