काटा लालवर गेल्यास: वर्धा जिल्ह्यातील मोटारधारकांसाठी उन्हाळी मार्गदर्शिका

सदर मार्गदर्शिका एमएच-३२ क्रमांकाच्या चारचाकीधारकांसाठी, तसेच लग्नसराईत जिल्ह्यात शिरणाऱ्या नागपूर, अमरावती आणि यवतमाळकडील वाहनांसाठी तयार करण्यात आली आहे. पुणेकरांनी वाचायला हरकत नाही, पण ३८ अंशांना ‘असह्य उकाडा’ म्हणण्याची सवय असल्यामुळे इथली परिमाणं त्यांना अतिशयोक्त वाटतील. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो आणि नवतपात डांबरी रस्ता चपलेला सोडायला तयार नसतो. गाडीला मात्र ही हवा ‘थंड हवा’ म्हणूनच पुरवावी लागते. रेडिएटरमधून फिरणारं पाणी ९०-९५ अंशांचं, बाहेरची हवा ४५ ची. या दोघांतल्या फरकावर तुमच्या इंजिनाचा संसार चालतो. गाडी बनवणाऱ्यानं हिशेब बरोबरच केलेला असतो. तो पंखा फिरतो आहे असं धरून केलेला असतो, एवढंच.

पहिली पायरी म्हणजे गाडी तापली आहे की आपण, हे ठरवणं. जुन्या गाड्यांत यासाठी काटा असायचा. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटा काढून त्या जागी एक दिवा दिला आहे: इंजिन थंड असताना निळा, तापल्यावर लाल. मधल्या काळात काय चाललं आहे याची चौकशी मालकानं करू नये अशी कंपनीची इच्छा दिसते. सुदैवानं लालच्या आधी आणखी एक सूचना मिळते. इंजिन फार तापू लागलं की बऱ्याच गाड्या एसीचा कंप्रेसर आपणहून बंद करतात आणि झरोक्यांतून गरम वारा येऊ लागतो. हा बदल मागच्या सीटवरच्या आत्याला सर्वात आधी कळतो. “एसी काहून बंद केला रे?” हा प्रश्न आला की “चालूच आहे आत्या” असं उत्तर देऊ नये. डावीकडे सावली शोधायला लागावं.

यानंतर फार थोडे लोक विचारतात तो प्रश्न विचारावा: गाडी तापली कुठे? समृद्धीवर ताशी १२० ची मर्यादा पाळत (पाळत असाल असं गृहीत धरतो) चालला आहात आणि तरी काटा चढतो आहे, तर पंख्याला दोष देऊ नका. त्या वेगानं समोरून जी हवा घुसते तिच्यापुढे पंखा फिरला काय, न फिरला काय, सारखंच. तिथे संशय कूलंट कमी असल्याचा, रेडिएटर तुंबल्याचा, वॉटर पंपाचा किंवा थर्मोस्टॅट अडकल्याचा. उलट बजाज चौकात काटा चढतो आणि सेवाग्रामच्या मोकळ्या रस्त्याला लागताच उतरतो, तर गुन्हेगार पंखाच. तळेगावच्या सत्याग्रही घाटात मात्र वेग कमी आणि इंजिनावर भार जास्त, त्यामुळे दोन्ही प्रकारचे आजार तिथेच डोकं वर काढतात. त्या घाटात गाडी बसली तर निदान नावाला तरी जागली म्हणावं आणि चढ सुरू होण्याआधी एसी बंद करण्याची सवय लावून घ्यावी.

पंखा हा असा एकच अवयव आहे की ज्याची खरी गरज गाडी उभी असताना लागते. त्यामुळे त्याची अंतिम परीक्षा ना समृद्धीवर होते, ना घाटात. ती वरातीत होते.

नवरदेवाच्या गाडीची परिस्थिती नीट समजून घ्या. वेग ताशी दोन किलोमीटर, तोही बँडवाल्यांच्या मर्जीनं. आत शेरवानी, फेटा आणि त्याखाली नवरदेव, म्हणून एसी चारवर. एसी चालू असला की त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच आपली उष्णता ओततो, म्हणजे ४५ ची हवा रेडिएटरपर्यंत पोचते तेव्हा आणखी गरम झालेली असते. आणि ही हवा जिथून आत शिरायची त्या पुढच्या जाळीवर डेकोरेशनवाल्यानं झेंडूचे हार, प्लास्टिकची फुलं आणि ‘अमुक वेड्स तमुक’ची थर्माकोलची पाटी चिकटपट्टीनं पक्की बसवलेली असते. अशा अवस्थेत धडधाकट पंखासुद्धा हार मानतो, मग ज्याचे ब्रश झिजलेत त्याचं काय! मार्गदर्शन असं: हार दोन्ही बाजूंना, दारांवर आणि टपावर सोडावेत, जाळी मोकळी ठेवावी. डेकोरेशनवाला हे ऐकणार नाही. त्याला नवरदेवाच्या मामाकडून सांगवावं. मामाही ऐकत नसेल तर वरात निघण्याआधी दहा मिनिटं एसी लावून गाडी जागेवर चालू ठेवून पाहावी. त्या वेळात पंख्याचा आवाज एकदाही आला नाही, तर नवरदेवाला घोड्यावर बसवावं. घोड्याला रेडिएटर नसतो.

आता समजा, व्हायचं ते झालं. दिवा लाल आहे, बॉनेटच्या फटीतून वाफ येते आहे. या क्षणी करायच्या कृती वर्धा जिल्ह्यात शिकवाव्या लागू नयेत, कारण त्यांचं मूळ तत्त्व असहकार हेच आहे. एसी बंद. थांबायला जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण चालू आणि काचा खाली. होय, हीटर, मे महिन्यात. हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनाची थोडी उष्णता तो तुमच्याकडे वळवतो. आत्या जे बोलेल ते सहन करावं. कडुनिंबाखाली गाडी घ्यावी, इंजिन बंद करावं आणि त्यानंतर सर्वात अवघड पायरी: काहीही करू नये.

झाकण उघडू नये, हे विशेषतः. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते. ती साधारण १ बार जादा दाब धरून ठेवते, म्हणून आतलं पाणी १०० अंशांना न उकळता १२० च्या आसपासपर्यंत पाणीच राहतं. तुम्ही झाकण फिरवलंत की दाब जातो, आणि आपण केव्हाच उकळायला हवं होतं हे त्या पाण्याला एकदम उमगतं. ते वर येतं ते तुमच्या तोंडाच्या दिशेनं. डोक्याचा पांढरा दुपट्टा सोडून, चार घड्या घालून झाकण धरण्याची पद्धत आपल्याकडे लोकप्रिय आहे. तिनं तळहात वाचतो. चेहरा वाचत नाही. वरची जाड नळी हातानं सहज दाबता येईल इतकी थंड झाली की मगच झाकणाकडे वळावं. याला अर्धा-पाऊण तास लागतो.

हा वेळ काढण्यासाठी थोडा स्थानिक इतिहास. १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार गांधीजींना भेटायला सेवाग्रामला आले आणि आठवडाभर राहिले. उकाड्यात टाइप करणं अशक्य झालं तेव्हा त्यांनी पत्र्याच्या टबात पाणी घेतलं, टबात लाकडी खोकं ठेवून त्यावर बसले, समोरच्या दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर मांडला आणि अधूनमधून भांड्यानं अंगावर पाणी ओतत लिहीत राहिले. द्रवशीतनाचं तत्त्व इतक्या सोप्या शब्दांत कुठल्याही गाडीच्या पुस्तिकेत सापडत नाही. फक्त एक खुलासा आवश्यक आहे. फिशर साहेबांचं डोकं ॲल्युमिनियमचं नव्हतं. तुमच्या इंजिनाचं हेड असू शकतं, आणि लालबुंद तापलेल्या हेडवर गार पाणी ओतलं तर ते वाकतं किंवा तडकतं. म्हणून बाटलीतलं पाणी प्यावं, आत्याला द्यावं, इंजिनाला देऊ नये.

हे सगळं तुम्ही एकटे असाल तर सोपं आहे. पण आपल्या जिल्ह्यात बॉनेट उघडलेल्या गाडीभोवती पाच मिनिटांत मंडळ स्थापन होतं. पहिला येणारा विचारतो, “गरम झाली का भाऊ?” वाफ पाहूनच तो आलेला असल्यामुळे याला उत्तराची गरज नसते. दुसरा ट्रॅक्टरवाला. त्याचा सल्ला, “पाणी टाका न वरून, काही नाही होत.” त्याच्या ट्रॅक्टरला खरंच काही होत नसेल, त्यात आपण पडू नये. तिसरे एसटीतून निवृत्त झालेले चालक. ते काही बोलत नाहीत, नुसते पाहतात, आणि त्यांचं हे पाहणं इतरांच्या बोलण्यापेक्षा जास्त खचवतं. चौथा आयटीआयचा पोरगा वाकून आत डोकावतो आणि म्हणतो, “पंखाच नाही फिरून राह्यला.” याला धरून ठेवावं. बाकीच्यांना चहा सांगावा.

पुढची तपासणी या पोराच्या हातून करवावी. चावी बंद असताना पंख्याची पाती काडीनं फिरवून पाहायची. हात घालायचा नाही, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो. पाती अडत असेल तर बेअरिंग गेलं. मोकळी असेल तर इंजिन पुरतं थंड झाल्यावर, झाकण उघडून कूलंटची पातळी पाहून मगच, गाडी चालू करून एसी लावायचा. बहुतेक गाड्यांत एसी लागताच पंखा फिरलाच पाहिजे. नाही फिरला, तर आधी फ्यूज. फ्यूज शाबूत असेल तर रिले. बऱ्याच गाड्यांत पंख्याचा आणि हॉर्नचा रिले एकाच जातीचा असतो. अंक जुळत असतील तर दोन्हींची अदलाबदल करून पाहता येते. पंखा फिरला आणि हॉर्न मुका झाला, तर रिले गेला हे सिद्ध. पंखा की हॉर्न, हा निर्णय मात्र प्रत्येकानं आपापल्या मनोधैर्यानुसार घ्यावा. आर्वी नाका ओलांडायचा असेल तर काही लोक तापलेलं इंजिन पत्करतील.

रिलेही ठीक असेल तर पंख्याचा प्लग काढून बॅटरीवरून थेट दोन वायरी द्यायच्या. फिरला, तर मोटर चांगली आणि दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. नाही फिरला, तर मोटरच्या मागच्या बाजूला लाकडानं दोन हलके ठोके द्यायचे. झिजलेले ब्रश कधीकधी यानं जागे होतात आणि घरापर्यंत साथ देतात. या उपायावर पोराला टाळ्या मिळतात. निवृत्त चालक तेव्हाही काही बोलत नाहीत.

पंखा फिरतो, तरी गाडी तापते, अशीही एक जात आहे, आणि ती खास आपली. कापसाच्या हंगामात हिंगणघाट, पुलगाव, आर्वीकडे जाणाऱ्या लादलेल्या गाड्यांच्या मागे तुम्ही तासन्‌तास चालता. उडालेला रुईचा तंतू-तंतू तुमची पुढची जाळी प्रेमानं गोळा करत असते. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत तो कापूस, सोयाबीनचं कुटार, पाखरं आणि धूळ मिळून चांगली जाडजूड गादी तयार होते. ती बाहेरून दिसत नाही. नवल असं की दर मार्चमध्ये कूलर गच्चीवर काढून, जाळी धुऊन, वाळा बदलून, पंप तपासणारा वर्धेकर आयुष्यात एकदाही रेडिएटरकडे ढुंकून पाहत नाही, आणि खरं तर दोन्हींत तेच आहे: पाणी, पंप, जाळी, पंखा. कूलरच्या टाकीत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर जमतो तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांतही जमतो. म्हणून आत बोअरचं पाणी घालू नये, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घालावं. आणि जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारावं, जोरदार फवाऱ्यानं नव्हे, नाहीतर पत्र्याच्या नाजूक पापण्या दुमडतात.

एक्झॉस्टमधून पांढरा धूर सतत येत असेल किंवा ऑइल दुधाळ झालं असेल, तर ही मार्गदर्शिका मिटून टोचन करावं. हेड गॅस्केट गेली आहे, आणि त्याचं मार्गदर्शन बँका करतात.

गॅरेजात तुम्हाला दोन कायमस्वरूपी इलाज सुचवले जातील. पहिला, “थर्मोस्टॅट काढून टाकू.” काढला की इंजिन तापायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त पितं, आत जास्त झिजतं आणि मूळ दोष होता तिथेच राहतो, तेव्हा नम्रपणे नकार द्यावा. यापेक्षा मूलगामी इलाज वर्ध्यात फार पूर्वी होऊन गेला आहे. जुने लोक सांगतात, जमनालाल बजाजांच्या फोर्ड मोटारीचं इंजिनच काढून टाकलं आणि तिला बैल जुंपले. वर्धा ते सेवाग्राम पाहुण्यांची ने-आण त्यात व्हायची, आणि तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. हे वाहन कधी तापल्याचं कुणी सांगत नाही. आज मात्र आरटीओ ही दुरुस्ती आरसी बुकात चढवून देईल असं वाटत नाही.

दुसरा इलाज आहे, “पंखा डायरेक्ट करून देतो भाऊ.” म्हणजे सेन्सर, रिले, संगणक या सर्वांना बायपास करून बॅटरीवरून पंख्याला वायर, आणि स्टेअरिंगखाली एक खटका. जिल्ह्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या गाड्या अशाच चालत असाव्यात. आत फ्यूज घालायला लावा, नाहीतर एक दिवस वायर स्वतःच तापेल. आणि गाडी लावल्यावर खटका बंद करा. विसरलात, तर पंखा रात्रभर थंड इंजिनाला वारा घालत बसतो, आणि मे महिन्यात घरातल्या कूलरच्या घरघरीत तो ऐकूही येत नाही. सकाळी बॅटरी उतरलेली असते. तिची मार्गदर्शिका वेगळी आहे. तिच्यातली पहिली पायरी म्हणजे पार्किंगवरून बोलणं टाकलेल्या शेजाऱ्याशी पुन्हा बोलायला सुरुवात करणं, कारण धक्का द्यायला तेवढ्या सकाळी दुसरं कुणी उठलेलं नसतं.