दरडोई साडेदहा तास

वक्तृत्वकलेवर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी रत्नागिरीचा श्रोता पाहिलेला नसावा. तो टाळ्या वाजवत नाही. तुमचं वाक्य न् वाक्य अडकित्त्यात धरून बसतो.

हे ठाऊक असूनही मी टिळक जयंतीचं आमंत्रण घेतलं. शाळेत ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’पासून शेंगांच्या टरफलांपर्यंतचं भाषण घडाघडा म्हणून कंपासपेटी मिळवली होती, तेवढं भांडवल मला पुरेसं वाटलं. आरशापुढे तालीम केली. आवाज कुठे चढवायचा, तर्जनी कुठे उगारायची, सगळं लाल शाईत. ‘‘हात एवढा वर जातोच आहे, तर पंखा पुसून घ्या,’’ इतकाच घरचा अभिप्राय.

टिळक आळीतल्या जन्मघरापासून सभागृह जवळच. तारीख 23 जुलै, म्हणजे कोकणात बोलण्याचा पहिला मान पावसाचा. पत्र्यावर तो असा कोसळत होता की माझ्या निवडक उपमा त्यालाच अर्पण झाल्या. माईकने एक शिट्टी मारली आणि मान टाकली. टिळक माईकशिवायच मोठमोठ्या सभा गाजवत, तेही अलंकारांच्या वाटेला न जाता, मुद्द्याला मुद्दा जोडत. माझ्याकडे अलंकार भरपूर होते. मुद्द्याचा शोध चालू होता.

शेवटी हुकमाचं पान काढलं. 1908 चा राजद्रोहाचा खटला! मुंबई हायकोर्टात टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. काही दिवस मिळून 21 तासांहून अधिक बोलले. ‘‘याला म्हणतात वक्तृत्व!’’ माझी तर्जनी वर गेली आणि पाऊस नेमका तेव्हाच थांबला.

पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले. ‘‘काय हो, ज्यूरीला पटलं काय?’’

‘‘नाही. सात युरोपियन विरुद्ध, दोन पारशी बाजूने. सहा वर्षं मंडाले.’’

‘‘म्हणजे दोन माणसं वळवायला प्रत्यक्ष लोकमान्यांना एकवीस तास. दरडोई साडेदहा.’’ त्यांनी सभागृहावर नजर फिरवून डोकी मोजली आणि छत्री उचलली. ‘‘तुमचं चालू द्या. मी घरी सांगून येतो, जेवायला थांबू नका म्हणून.’’

टाळ्या पडल्या; त्यांना. टिळकांच्या ज्यूरीतल्या साहेबांना मराठी येत नव्हतं. ती सवलत मला नव्हती.

तुम्हाला इथून आमंत्रण आलंच, तर आभारप्रदर्शन मागून घ्या. तेव्हा चहा निवत असतो, शंका कोणी विचारत नाही.