वेगळी रांग

आणखी एका रुग्णालयाची कॅज्युअल्टी ‘ज्येष्ठस्नेही’ झाली. नारळ फुटला, फीत कापली, फ्लेक्सवर पिकल्या केसांचं एक हसरं जोडपं झळकलं. (कॅज्युअल्टीच्या दारात एवढं हसू कशाचं आलं, ते फ्लेक्सवाल्यालाच ठाऊक.) आत बदललं काय? केसपेपरच्या खिडकीसमोर पिवळा पट्टा ओढला आणि वर पाटी लागली : ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी रांग’.

रुग्णालयाला नावं ठेवू नका. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात विसावं कलम आहे, त्यात वेगळी रांग स्वच्छ लिहिलेली आहे. सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांनी सगळ्या ज्येष्ठांना ‘शक्यतो’ खाटा द्याव्यात, असंही त्याच कलमात आहे. पण खाटेला जागा लागते, पट्ट्याला अर्धा डबा रंग.

आता रांगेची गंमत बघा. रात्री नऊला तिथं येणारे बहुतेक ज्येष्ठच, त्यामुळे वेगळी रांग दारापर्यंत जाते आणि साधी रांग मोकळी पडते. क्रिकेट खेळताना पाय मुरगळलेला नातू साध्या रांगेतून केसपेपर काढून, पाय बांधून घरी जेवायला पोचतो. आजोबा अजून पट्ट्यावरच. दोन्ही रांगांना खिडकी एकच, खिडकीत माणूसही एकच, आणि तो चहाला उठला की समता प्रस्थापित होते. शिवाय वयाचा पुरावा हवा. आजी न्हाणीघरात पडली, आधारकार्ड कपाटात, कपाटाची किल्ली आजीच्या कमरेला आणि आजी स्ट्रेचरवर. बरं, रांगेत पुढं कोण? सकाळी टेकडी चढून येणारे, ट्रॅकपँटमधले एकसष्टीचे तरुण. मागं भिंत धरून उभे असलेले ऐंशीचे आजोबा म्हणतात, आयकरात आम्हाला अतिज्येष्ठ म्हणून वेगळी सूट आहे, इथं का नको? रास्त आहे. ऐंशीसाठी तिसरी रांग करा, नव्वदीसाठी चौथी. शंभरीच्या रांगेत फारशी गर्दी व्हायची नाही, तिथं वॉचमनची खुर्ची मांडता येईल.

पण मुळात ज्याला रांगेत उभं राहता येतं, तो कॅज्युअल्टीत कशाला येईल? आणि ज्याला येत नाही, त्याच्या दुखण्याची ओळख तरी कुणाला आहे? उतारवयात हार्ट अटॅक छातीत कळ न येताही येतो. नुसता दम लागतो, गळाल्यासारखं होतं, माणूस असंबद्ध बोलतो. न्यूमोनिया असून अंगात ताप नसतो. मग चिठ्ठीवर ‘दुखत नाही, ताप नाही’ लिहून त्याला बाकावर बसवतात. विचारपूस मुलाकडे, तीही म्हाताऱ्याच्या डोक्यावरून, जणू तो घरातलं जुनं कपाट आहे. पुढं रेक्झिनच्या पातळ गादीवर काही तास काढले की माकडहाडापाशी कातडी लाल होते. चष्मा पिशवीत, कानाचं यंत्र सुनेच्या पर्समध्ये, कवळी रुमालात. ट्यूबलाइट रात्रभर डोळ्यांवर, खिडकी नाही, घड्याळ नाही. पहाटे आजोबा उठून बसतात आणि दुकान उघडायला निघतात. ‘वय झालं की चालायचंच,’ असं म्हणून त्यांचे हात बँडेजनं खाटेला बांधले जातात. अहो, चालायचंच कसं? काल संध्याकाळपर्यंत हा माणूस किराणा दुकानाचा हिशेब तोंडी करत होता!

भिंतीवर एक घड्याळ. जाड गादी. पाय जमिनीला टेकतील अशी बुटकी खाट. संडासात धरायला दांडा. चष्मा आणि यंत्र जागच्या जागी बसवून देणारा, चालू गोळ्यांची यादी विचारणारा एक माणूस. यातलं काहीच फीत कापण्याजोगं नाही, हीच अडचण.

पुढच्या टप्प्यात वेगळ्या रांगेचं टोकन मोबाइलवर येणार आहे म्हणे. ओटीपी मुलाच्या नंबरवर जाईल. मुलगा न्यू जर्सीत असतो. आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिथं सकाळ, तेव्हा तो मीटिंगमध्ये नसला तर लगेच कळवेल.