गाववार

निपाणीतल्या एका पतसंस्थेत मी कॉम्प्युटर बघतो. बघतो म्हणजे प्रिंटर अडकला की मला हाक येते. परवा मात्र चेअरमन स्वतः टेबलापाशी आले. ‘‘सर, वार्षिक सभेला गाववार सभासद पायजेत. एक बटण दाबायचं काम की ओ!’’

बटण नव्हतं, क्वेरी होती. लग्नात आहेराची पाकिटं भावकीवार लावतात ना, तसं ‘ग्रुप बाय’ सारख्याला सारखं लावतं आणि ‘काउंट’ प्रत्येक गठ्ठा मोजतो. एंटर दाबला तर एकट्या निपाणीचे तीन गठ्ठे. निपाणी, निप्पाणी, आणि आधी एक स्पेस पडलेली निपाणी. ती स्पेस माणसाला दिसत नाही, मशीनला खुपते. बेळगावचं तर विचारूच नका. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारदरबारी ‘बेलगाम’चं ‘बेळगावी’ झालं. आमच्या रजिस्टरात जुनं, नवं आणि हट्टानं लिहिलेलं ‘बेळगाव’, अशी तिघं सख्ख्या भावांसारखी एकमेकांशी न बोलता उभी.

शिवाय एक बिननावाचा गठ्ठा. फॉर्मवर गावच न लिहिलेले, म्हणजे ‘नल’. दोन नल सारखे आहेत का, असं डेटाबेसला विचारलं तर तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. गट पाडताना मात्र सगळ्यांना मुकाट एका पंगतीला बसवतो. 1956 पासून सीमाभागात राहणाऱ्याला यात काही नवल वाटत नाही.

आमचा सीमावादसुद्धा या ग्रुप बायपाशीच अडलाय. सीमा आखायचं पाटसकर सूत्र गाव हा घटक धरतं. तालुका धरा, माणसं तीच, भाषा तीच, उत्तर दुसरंच. महाराष्ट्र मागतोय ती गावं कुणी 814 सांगतं, कुणी 865. दुबार नोंदी गाळणारं ‘डिस्टिंक्ट’ लावायचं राहिलं असावं. 2004 पासून क्वेरी सुप्रीम कोर्टात चालू आहे. कर्सर अजून फिरतोय.

मी घाईत आणखी एक घोळ केला. काउंटच्या कंसात स्टार द्यायच्या ऐवजी मोबाइलचा रकाना दिला. रकाना रिकामा असला की ती ओळ मोजलीच जात नाही. मोबाइल न वापरणारे सगळे म्हातारे गळाले. यादी बघून चेअरमन हबकले, ‘‘एवढी माणसं मेली कवा ओ?’’

शेवटी संचालकांची मीटिंग. स्पेलिंगं एक करायची, हे एकमतानं ठरलं. कुठलं ठेवायचं, यावर पाऊण तास गेला. एक संचालक ‘बेळगाव’ सोडेनात, दुसरे ‘बेळगावी’. विषय पुढच्या सभेवर.

शिपाई दारातून डोकावला. ‘‘चहा किती सांगू?’’

आम्ही अकरा जण होतो. चेअरमननी मान वर न करता सांगितलं, ‘‘नऊ. दोघांना साखर चालत न्हाई.’’