डॅकचा पायगुण

घरात नवे काही आले आणि त्याच आठवड्यात जुने काही बिघडले, की आपण तपास करत नाही, पायगुण काढतो. सून आली आणि म्हैस आटली, जावई आला आणि पंप जळला. असे बोलणे ज्या घरांत आता मागासलेपणाचे समजतात, त्याच घरांत संगणकाला नवा डॅक जोडल्यावर स्पीकर घुमू लागला, तर ‘हे डबडं आणल्यापासूनच सुरू झालंय’ हे वाक्य शिकल्यासवरल्या तोंडातून बिनदिक्कत बाहेर पडते. बिचाऱ्या डॅकचे काम ते किती! संगणकाच्या पोटात गाणे नसते, आकडे असतात. सीडीच्या मापाने सेकंदाला ४४,१००, त्यातही डाव्या कानाचे वेगळे, उजव्याचे वेगळे. हे आकडे वाचून त्यांची विजेची लाट करायची आणि अँप्लिफायरच्या हवाली करायची. डब्यावर एक मिणमिणता दिवा असतो, आणि मला वाटते, अर्धा आळ त्या दिव्यामुळेच येतो. अंधारात जो दिसतो तोच चोर. माझे म्हणणे असे, की डॅक बहुतेक वेळा निर्दोष असतो. आणि दोष शोधायची खरी रीत संगणक बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना येत नाही, ती धडगावात फाल्गुनात ढोल शेकणाऱ्याला येते.

धडगावात डॅक कोणाला हवाय, असा प्रश्न पुण्यातून लगेच येईल. त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो. धडगाव हे सातपुड्याच्या आतले गाव, अक्राणी तालुक्याचे ठाणे. उत्तरेला डोंगर उतरले की नर्मदा. नगरपंचायतीच्या पाटीवर धडगावबरोबर वडफळ्या आणि रोषमाळ अशी आणखी दोन गावे नांदतात. इथला आमचूर पोत्यांत भरून तालुक्याबाहेर जातो, आणि आवाज मात्र इथेच साठतो, तोही फोनमध्ये. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार भरले की ढोल डोंगर उतरतात. होळीला अंगावर ठिपके काढलेले, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या नाचतात, आणि शंभर हात वर होऊन ते सारे चित्रित करतात. वर्षभर टिमलीची गाणी मेमरी कार्डावरून मेमरी कार्डावर फिरतात. ग्रियर्सनने १९०७ साली भारतीय भाषांच्या पाहणीत भिल्ली भाषांना एक भाग दिला खरा, पण छापील कागदाला थाप मारली तर ढोल वाजत नाही. ज्या मुलखाचा ठेवा कागदापेक्षा कानात जास्त आहे, तिथे नीट ऐकवणारा डबा ही चैन नव्हे. उलट, ज्यांच्याकडे ऐकण्यासारखे फक्त शेजाऱ्याच्या मिक्सरचा आवाज आहे त्यांना डॅक कशाला हवा, असे धडगावने विचारले तर पुण्याने काय सांगावे?

आता रीत. ढोल बसका वाजू लागला की वाजवणारा त्याला दोष देत नाही आणि नवा ढोल आणायलाही धावत नाही. तो एक थाप मारतो आणि ऐकतो. मग दुसऱ्या तोंडावर थाप, पुन्हा ऐकणे. पान सैल पडले असे वाटले तर ते जाळाला दाखवतो, आणि पुन्हा तीच थाप, त्याच जागी, तेवढ्याच जोराची. दोरी ताणणे, पान शेकणे आणि टिपरू बदलणे अशी तिन्ही कामे तो एका दमात करत नाही. केली तर ढोल कशाने सुधारला हे त्याला कळणार नाही, आणि उद्या ढोल पुन्हा बसला की तिन्ही कामे पुन्हा करावी लागतील. एका थापेला एकच प्रश्न. याला विज्ञान म्हणायचे नसेल तर मग कशाला म्हणायचे? याच्या समोर आपले कर्मकांड ठेवा. वायर उपटून पुन्हा खुपसणे, भोकात फुंकर मारणे, कोणीतरी व्हिडिओत सांगितलेल्या सात सेटिंग एकाच बैठकीत फिरवणे, आणि शेवटी महापूजा म्हणजे रीस्टार्ट. यावर कोणी म्हणेल, पण रीस्टार्टने आवाज येतो ना! येतो, मान्य. ड्रायव्हर नावाचा मधला दुभाषा अडखळलेला असतो, तो ताजातवाना होतो. पण तो का अडखळला होता याचा पुरावाही त्याच झटक्यात पुसला जातो. पंचनाम्याआधीच खोली शेणाने सारवून टाकण्याचा हा प्रकार आहे. जमीन स्वच्छ होते, चोर मोकळा राहतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. एकेक गोष्ट तपासत बसायचे तर रात्र सरेल. आकडेमोड करून पाहू. फाइल, ती वाजवणारे सॉफ्टवेअर, संगणकाची सेटिंग, यूएसबीची वायर, डॅक, पुढची वायर, अँप्लिफायर आणि स्पीकर असे हे आठ संशयित. दोष एकाचाच असेल आणि दर प्रश्नाला निम्मे सुटत असतील, तर तीन प्रश्नांत चोर सापडतो. पहिला प्रश्न असा, की संगणक बाजूला ठेवून डॅक फोनला जोडला तर वाजतो का? फोनची फाइल, फोनचे सॉफ्टवेअर, फोनचीच छोटी वायर. वाजला, तर डॅक आणि त्याच्या पुढची मंडळी एका फटक्यात निर्दोष सुटतात आणि संशय मागच्या चौघांवर येतो. दुरुस्तीचे दुकान गल्लीच्या तोंडाशी असते तिथे माणसाला असा विचार न करणे परवडते. धडगावातून तो डबा पिशवीत घालून शहाद्याला न्यायचा किंवा पावसाळ्यात दरड नसेल त्या दिवशी चांदसैलीच्या घाटाने तळोद्याला उतरवायचा, आणि तिथे तो ठणठणीत वाजायचा, यापेक्षा हे तीन प्रश्न खूपच स्वस्त.

आवाजच येत नाही, या तक्रारीचा निकाल तर बहुतेकदा हास्यास्पद निघतो. संगणक आवाज पाठवत असतो, पण तो मॉनिटरकडे. वायर एकदा सुटली की विंडोज आपल्या मनाने दुसरा वारस नेमते, आणि ज्या मॉनिटरला तोंडच नाही त्याच्याकडे सगळी मैफल रवाना करते. पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन डॅकचे नाव पुन्हा निवडले की तंटा मिटतो. संगणक जुना असेल तर आणखी एक खुलासा. विंडोज १० मध्ये २०१७ साली झालेल्या सुधारणेनंतरच नव्या धाटणीच्या यूएसबी डॅकची भाषा त्याला उपजत कळू लागली. त्याआधी दुभाषा बाहेरून आणावा लागे. भाषा न कळणाऱ्या साहेबापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला मुका ठरवण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, आणि अक्राणीला ती नव्याने सांगायला नको.

यानंतर ती मधूनच येणारी टिक-टिक. इथे एक विद्वान आक्षेप असतो. डिजिटल म्हणजे शून्य आणि एक, ते पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत, अधेमधे खराब कसे होतील? पेनड्राइव्हवर फाइल उतरवताना एखादा तुकडा बिघडला तर तो परत मागवला जातो, अगदी पोचपावतीच्या टपालासारखा. आवाजाचे तसे नाही. यूएसबीवरून आवाज जातो तो पंगतीतल्या घाईच्या वाढप्यासारखा. जिलबीचे ताट घेऊन तो पुढे सरकतच राहतो. तुमचे लक्ष नव्हते, पानात पडली नाही, तर मागे वळणे नाही. सेकंदाला किमान हजार फेऱ्या, आणि चुकलेला घास पुन्हा वाढायची सोय नाही. त्यात स्वयंपाकघरातच, म्हणजे संगणकात, दुसरे कोणी ओटा अडवून बसले, एखादा वायफायचा ड्रायव्हर किंवा व्हायरस शोधणारे सॉफ्टवेअर, की ताट वेळेवर भरत नाही आणि डॅकच्या पानात मोकळी जागा राहते. तीच टिक. उपाशी पाहुण्याला ‘तुझ्या पोटातच खोट आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. वाढप्यांसाठी थोडे जास्त अन्न आधीच काढून ठेवावे, म्हणजे सॉफ्टवेअरमधला बफर वाढवावा, आणि मधला यूएसबीचा फाटा काढून वायर थेट संगणकात खोचावी. एका वेळी एकच, हे पुन्हा सांगत नाही.

आणखी एक तक्रार, फोनवर टिपलेला होळीचा ढोल डॅकमधून फाटल्यासारखा वाजतो, आणि बाकी सगळी गाणी नीट वाजतात. हा आळ सर्वांत अन्यायाचा. सोळा बिटांत आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या असतात आणि शेवटच्या पायरीच्या वर गच्ची नसते. चार हातांवर उभे राहून फोन धरला आणि समोर डोंगर हलवणारा ढोल असला, की लाटेचा माथा छताला आपटून सपाट होतो. तो सपाटपणा फाइलमध्येच कोरलेला असतो. लाखाचा डॅक आणलात तर तो हाच फाटका आवाज अधिक स्पष्ट ऐकवील, एवढेच. पैसे टाकले की सुटेल, या आक्षेपाला याहून कडू उत्तर मला सुचत नाही. पुढच्या होळीला फोन घेऊन वीस पावले मागे सरकावे. त्याला खर्च नाही.

डॅक कधी खरोखर बिघडतच नाही का? बिघडतो. पावसाळ्यातला विजेचा एखादा कडकडाट त्याला कायमचा गप्प करतो. पण असा डॅक बहुधा सरळ मरतो, रात्रभर ‘घुंऽऽ’ करत बसत नाही. ती घुंई सर्वांत चिवट, आणि तिचे मूळ सर्वांत लांब. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, आणि त्या ५०चा, १००चा सूर स्पीकरातून निघू लागला की तो सूर विजेचा, डॅकचा नव्हे. परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढावा आणि बॅटरीवर गाणे लावावे. घुंई थांबली तर डॅकची माफी मागावी. संगणकाच्या वीजपुरवठ्यातून थोडी वीज नेहमीच गळते. ती जमिनीत जावी म्हणून तिसरी जाड पिन असते. पण कित्येक घरांत बोर्डातले तिसरे भोक निव्वळ शोभेचे, मागे वायरच नाही. मग गळकी वीज आवाजाच्या वायरीतून अँप्लिफायरकडे जाते, आणि पत्र्याच्या खोक्याला हात लावला की मुंग्या येतात. उलट दोघांची अर्थिंग वेगवेगळ्या जागी असली तरी वायरींचा फेरा पडतो आणि तोच सूर लागतो. काही बहाद्दर त्यावर तिसरी पिनच कापून टाकतात. आवाज थांबतो, आणि एखाद्या दिवशी माणूसही थांबू शकतो. त्यापेक्षा दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत, किंवा सोय असेल तर डॅकला प्रकाशाची वायर लावावी. तोशिबाने १९८३ साली आणलेल्या या वायरीतून फक्त उजेड जातो, वीज जाऊच शकत नाही, त्यामुळे गळक्या विजेची वाटच बंद.

पण मुळाशी जायचे तर घराच्या मागे जावे लागते, मीठ आणि कोळसा घालून पुरलेल्या त्या खड्ड्याशी. सातपुड्याचा कातळ मुळातच वीज घ्यायला नाखूश, माती वीतभर, आणि शिमग्यानंतर तीही कोरडी पडू लागते. ओल गेली की अर्थिंग नावापुरतीच उरते. गंमत अशी, की त्याच कोरड्या हवेने ढोलाचे पान ताणले जाते आणि ढोल खणखणीत बोलतो. पावसाळ्यात ढोल ओला होऊन बसतो तेव्हा इकडे खड्डा ओला होऊन घुंई कमी झालेली असते. म्हणजे ज्या दिवसांत ऐकण्यासारखे सर्वांत जास्त वाजते, नेमके त्याच दिवसांत ऐकवणारे यंत्र कुरकुरते. वायरमन उपाय एका वाक्यात सांगतो, खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. उपाय अचूक आहे. फक्त चैत्र-वैशाखात, डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढून आलेल्या बाईसमोर, गाणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून ही बादली मागायची कोणी, एवढेच ठरायचे आहे. ते ठरेपर्यंत मृग लागेल.