साहेबांना शिकवणी

"सर, कंपनीनं तुमच्यासाठी एक्झिक्युटिव्ह कोच नेमलाय," असं आमच्या एचआरमधल्या मुलीनं सांगितलं तेव्हा मला आनंदच झाला, कारण पन्नाशी उलटलेल्या प्लँट हेडवर कुणी आपणहून खर्च करतंय हे चाकणमध्ये अप्रूपच. घरी येऊन बायकोला सांगितलं. "म्हणजे शिकवणी लावली," ती म्हणाली आणि कुकरकडे वळली.

मी लगेच वाचन सुरू केलं. आपल्याला कोच कशाला, असं गूगलच्या एरिक श्मिटनाही आधी वाटलं होतं. पण बिल कॅम्पबेल भेटले आणि पुढे श्मिट जो भेटेल त्याला कोच घ्या म्हणून सांगू लागले. हे कॅम्पबेल त्याआधी कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे कोच होते आणि तिथे 12 सामने जिंकून 41 हरले होते. आमचा डिस्पॅच रिपोर्ट आठवून मला फार धीर आला.

कोच बाई माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान. त्यांनी माझ्या वरच्या, खालच्या, बाजूच्या लोकांशी बोलून अहवाल आणला. त्यात एक वाक्य होतं: "साहेब चर्चेला बोलावतात आणि निर्णय ऐकवतात." हे स्टोअरवाल्या शिंदेचंच, मी छातीठोकपणे म्हणालो. "बऱ्याच जणांचं आहे," बाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं, डॉक्टरसारखी नाडी बघून गोळी देतील. बाई नुसते प्रश्न विचारायच्या. जॉन व्हिटमोर यांच्या 1992 सालच्या पुस्तकामुळे गाजलेली त्यांची रीत अशी, की ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार, सगळं समोरच्याच्याच तोंडून काढायचं. व्हिटमोर मूळचे मोटार शर्यतीतले. माझी गाडी मात्र वस्तुस्थितीपाशीच बंद पडली. मार्शल गोल्डस्मिथ हे नामांकित कोच 'नाही', 'पण' आणि 'तरीही' या शब्दांवर गिऱ्हाइकाला दंड लावतात, असं सांगून बाईंनी तो मलाही लावला. "नाही, पण मी असं कुठे बोलतो?" मी म्हणालो. चाळीस रुपये गेले.

मग ठरलं, की सोमवारच्या मीटिंगमध्ये मी फक्त ऐकायचं. मी ओठ मिटून, मान डोलवत, चेहऱ्यावर कुतूहल आणून बसलो, तर मेंटेनन्सवाल्यानं एसी कमी केला, कुणीतरी पाण्यात इलेक्ट्रॉल कालवून आणलं आणि एचआरच्या मुलीनं घरी फोन करू का म्हणून कानात विचारलं. मी तरीही गप्प. तेव्हा शिंदेनं घसा खाकरला.

"साहेब, गाड्या साडेचारला भरून तयार असतात. गेटपासवर तुमची सही लागते, आणि तुम्ही साडेसहापर्यंत मीटिंगमध्ये असता. डिस्पॅचला उशीर का होतो, यावरच्या."

नाही, पण, तरीही, तिन्ही शब्द एकदम जिभेवर आले. साठ रुपये वाचवले.

गेटपासवर आता शिंदे सही करतो. गाड्या पाचच्या आत बाहेर पडतात, आणि गेली कित्येक वर्षं मी ज्यावर व्याख्यानं झोडली तो प्रश्न माझ्या तोंड बंद ठेवण्यानं सुटला, ही गोष्ट वरिष्ठांना कळवायची कशी, हा माझा सध्याचा प्रश्न आहे. गोल्डस्मिथ म्हणे आजूबाजूच्या लोकांना सुधारणा दिसली तरच फी घेतात. बायकोला विचारलं, तुला दिसते का?

"बाईंना फी आगाऊ घ्यायला सांग," ती म्हणाली.