पाहुण्याचा वाटा

शेवग्याच्या शेंगा काढायला काठी घेऊन कंपाउंडपाशी गेले, तर पलीकडं अक्का आधीच उभ्या. बोटावर मशेरी, डोळ्यांत प्रश्न.

"काय गं सुमन, रात्री अडीचला तुमच्याकडं कोण बोंबलत होतं? मला वाटलं, नवराबायकोची लागली."

"आमचं भांडण एवढं टिकत नाही, अक्का. धाकट्याची मॅच होती, इंग्लंडची. त्याचं एव्हर्टन हरलं."

"हरलं तर हरलं. आमचे हे शाहू स्टेडियमवर चार गोल खाऊन यायचे आणि वर दोन भाकरी जास्त खायचे."

अक्कांचे यजमान पेठेतल्या तालमीचे गोलकीपर. चाळीस वर्षं अक्कांनी चिखलाची जर्सी धुतली. त्यांना फुटबॉल समजावायला जाऊ नये, हे कळत असून मी गेले.

"पोरगा म्हणतो, तिथं आता खेळ उरला नाही. ज्याचा मालक बडा, त्याचा कप. चेल्सीनं 1955 ला लीग जिंकली होती, मग नुसती वाट बघत बसले. 2003 ला रशियाचा अब्रामोविच आला, आणि 2005 ला कप घरात. मँचेस्टर सिटीचं तसंच. 1968 नंतर दुष्काळ. 2008 ला अबूधाबीचे शेख मन्सूर आले, आणि 2012 ते 2024 मध्ये आठ वेळा लीग. शेवटच्या चार तर लागोपाठ."

"चार लागोपाठ?" अक्का थुंकून आल्या. "मग बाकीचे खेळतात कशाला? आणि वर पंचायत न्हाई व्हय कोण?"

"आहे की. तेव्हा नियम होता. तीन वर्षांत मिळून साडेदहा कोटी पौंडांच्या वर तोटा दाखवायचा नाही. एव्हर्टनचा त्याहून 1 कोटी 95 लाखांनी जास्त झाला. 2023 च्या नोव्हेंबरात दहा गुण कापले."

"दहा! म्हणजे तीन मॅचा जिंकून पाण्यात."

"मग अपिलात सहावर आलं. एप्रिलात दुसऱ्या हिशेबापायी आणखी दोन. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गेले."

"आणि ते शेखवाले?"

"त्यांच्यावर 2023 च्या फेब्रुवारीत शंभराच्या वर आरोप ठेवले. एव्हर्टनवर त्याच्या पुढच्या महिन्यात. एव्हर्टनचा निकाल त्याच वर्षी लागला. सिटीची सुनावणीच 2024 च्या सप्टेंबरात सुरू झाली. एव्हर्टननं तोटा कबूल केला होता, सिटी म्हणते आम्ही काहीच केलं नाही."

अक्का हसल्या. "कबूल करणारा लौकर अडकतो बघ. भाजीवालीचा काटा लगेच तपासतात, सराफाचा तपासायला मुहूर्त लागतो."

"आणि चेल्सीची गंमत ऐका. मैदानाला लागून त्यांची दोन हॉटेलं. ती विकली साडेसात कोटींच्या वर, आणि तोटा कागदावर कमी झाला."

"कुणाला विकली?"

"स्वतःच्याच भाऊबंद कंपनीला. मालक तेच."

आता अक्कांना भिंत धरावी लागली. "अगं, आमच्या थोरल्या जावेनं हेच केलं! पंचायतीची योजना होती, जनावर नसंल त्याला. म्हैस मेव्हण्याच्या नावावर केली. म्हैस त्याच गोठ्यात, शेण हीच काढायची. जाऊबाई साहेबाच्या लेकीच निघाल्या की!"

"तिथं नियमात बसलं म्हणे."

"म्हशीचंबी बसलं होतं."

मग त्यांचा सूर बदलला. "पण सुमन, परक्यावर खापर फोडू नगंस. आपल्या पुण्याच्या कोंबडीवाल्यांनी घेतलेली टीम आहे न्हवं एक?"

"ब्लॅकबर्न. व्यंकीजच्या राव कुटुंबानं 2010 च्या नोव्हेंबरात घेतली. 2012 ला टीम खाली घसरली, त्या दिवशी प्रेक्षकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली."

"कोंबडीचा काय दोष बाई! तरी पैसा घालतातच की ते."

"घालतात, वर्षानुवर्षं. पण गंमत अशी की ब्लॅकबर्न 1995 ला चॅम्पियन झालं तेही पैशावरच. जॅक वॉकर म्हणून गावचाच पोलादवाला. त्याला गावात कुणी नावं ठेवली नाहीत, उलट पुतळा उभा केला."

"बघ! गावचा सावकार झाला म्हणून ती सावकारी न्हवं व्हय? आपला पैसा घामाचा आणि शेजाऱ्याचा हरामाचा."

तेवढ्यात आतून, पेपराआडून, आमच्या ह्यांचा आवाज आला. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेत. विचारल्याशिवाय सांगायची सवय गेलेली नाही.

"शेख नंतर आले. आधी 1983 सांग त्यांना."

"काय झालं 83 ला? कपिल देवनं कप आणला."

"तो वेगळा. तिथं पूर्वी लीगच्या मॅचच्या तिकिटाचा काही हिस्सा पाहुण्या टीमला द्यायचे. छोटं गाव मोठ्या मैदानावर खेळायला गेलं, की गल्ल्यातलं थोडं घेऊन परत यायचं. 1983 ला ते बंद झालं. ज्याचं मैदान, त्याचा सगळा गल्ला. मग 1992 ला वरच्या 22 टीम जुन्या लीगमधून वेगळ्या निघाल्या आणि टीव्हीच्या पैशाची चूल वेगळी मांडली. हे सगळं घरच्यांनीच केलं. तेव्हा ना कोणी रशियन होता, ना कोणी शेख."

पेपर पुन्हा वर गेला. अक्का गप्प. मशेरी वाळून गेली तरी बोट तसंच.

"पाव्हण्याचा वाटा बंद केला म्हणायचं," त्या हळू म्हणाल्या. "म्हणजे दार आधी आतूनच लागलं. मग मोठ्याला आणखी मोठा धनी लागणारच, आणि लहानाचं कोण बघतंय?"

"बरी म्हणून एक टीम होती, अक्का. 1885 ची. मँचेस्टरच्या शेजारीच. पैशापायी 2019 ला लीगमधून काढून टाकली. सिटीचं मैदान काही मैलांवर."

"शेजारी असून?"

मी काही बोलले नाही. काठीनं फांदी ओढली. झाड आमचं, पण निम्म्या फांद्या भिंतीपलीकडं गेलेल्या. लावलं तेव्हा सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, पलीकडं लोंबेल ते पलीकडचं. अकरा शेंगा निघाल्या. मी सहा ठेवल्या आणि पाच भिंतीवर मांडल्या.

अक्कांनी मोजल्या. दोनदा.

"गेल्या बाजारला सहा होत्या," त्या म्हणाल्या. "तुझाबी हिशेब तपासायला पाहिजे. येतो मी, दूध उतू जाईल."